सुकीच्या अंगणातले एक्केचाळीस

एका मंगळवारी सकाळी साडेअकराला सुकीच्या अंगणात एक्केचाळीस मेलेली पोरं आली, तेव्हा सुकी घरी नव्हती. ती करवंदं काढायला रानात गेली होती. पोरं पाठवणारा हेमंतही तिथे नव्हता. तो ठाण्यात, एका बातम्यांच्या वेबसाइटच्या ऑफिसात, चौथ्या मजल्यावर कटिंग पीत बसला होता. त्याने एक बटण दाबलं, पोरं पोचली, आणि त्याने उरलेला चहा संपवला.

हेमंत मूळचा जव्हारचा. वडील आश्रमशाळेत मास्तर, आता निवृत्त. ऑफिसात त्याच्या टेबलावर ‘नकाशा विभाग’ अशी पाटी होती आणि त्या विभागात हेमंत, एक लॅपटॉप आणि एक मनीप्लांट असे तिघे काम करत. बातमी वाचायचा लोकांना कंटाळा येतो, नकाशा बोटाने सरकवायचा येत नाही, या शोधावर विभाग उभा होता. या वेळची बातमी होती जव्हार-मोखाड्याच्या कुपोषित बालकांची: पाच वर्षांत, लांबलांबच्या रुग्णालयांत दगावलेली. संपादक नीता मॅडमनी सहा महिने खपून यादी जमवली होती. हेमंतने त्या यादीचा नकाशा केला. एक पोर, एक लाल ठिपका. ठिपक्याला बोट लावलं की वय, तारीख, आईचं नाव. नकाशा लांबून पाहिला तर जवळजवळचे ठिपके एकमेकांत मिसळून एक गोल व्हायचा आणि गोलात आकडा. जवळ गेलं की गोल फुटायचा आणि पोरं सुटी व्हायची.

यादीतल्या एक्केचाळीस पोरांच्या पत्त्यात गावच नव्हतं. नुसतं ‘मोखाडा तालुका’. यात लिहिणाऱ्याची चूक नव्हती. इकडची माणसं दिवाळी झाली की भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात. तिथे पोर आजारी पडलं, दवाखान्यात नेलं, खिडकीतल्या माणसाने विचारलं, “गाव कुठलं?” तर पाड्याचं नाव सांगून त्याला काय कळणार? म्हणून माणसं सांगतात, मोखाडा. हेमंतही ठाण्यात कुणी विचारलं तर सांगायचा, “नाशिककडे.”

नकाशाच्या यंत्राला ‘माहीत नाही’ म्हणता येत नाही. त्या बाबतीत ते नव्या जावयासारखं असतं. त्याला गाव सापडलं नाही, तेव्हा त्याने तालुक्याचा बरोबर मध्य काढला आणि सगळीच्या सगळी तिथे ठेवली. तालुक्याचा मध्य खोडाळ्याच्या पलीकडे, बिवळपाड्यावर, सुकी नावाच्या एकट्या म्हातारीच्या अंगणात निघाला. कोंबड्यांचं खुराडं आणि उखळ यांच्या मधोमध.

नीता मॅडमनी तो गोल पाहिला आणि खुर्चीतून उठल्या.

“हेमंत, एकाच पाड्यावर एक्केचाळीस?”

“दिसतंय तरी तसं, मॅडम.”

दिसत होतं ते खरं. पण हेमंतच्या मनात काहीतरी खुटखुटलं. एवढा मोठा पाडा त्या बाजूला आहे कुठे? दोन मिनिटांत तपासता आलं असतं. बारा वाजता बातमी सोडायची होती आणि साडेअकरा झाले होते. त्याने बटण दाबलं. बारा वाजता मथळा लागला: ‘एक पाडा, एक्केचाळीस पाळणे’. नऊ लाख लोकांनी तो गोल फोडून बघितला. आत सरासरी अकरा सेकंद थांबले.

नवव्या दिवशी जव्हारहून वडिलांचा फोन आला.

“हेमंत, बिवळपाड्यात चौदा घरं आहेत.”

“हं.”

“एक्केचाळीस पोरं मरायची तर आधी जन्मावी लागतात.”

हेमंतने लॅपटॉपवर तो गोल उघडला.

“मी शिकवलंय तिथली पोरं. त्या सुकीच्या अंगणाचा फोटो आता सगळ्यांच्या मोबाइलात आहे. वरून काढलेला. पथकं येऊन गेली, धूरफवारणी झाली, कुणीतरी येऊन मेणबत्त्या लावून गेलं. आणि आता लोक तिला भुताळी म्हणायला लागलेत. पोरं खाणारी. पाड्यावर तिच्याशी बोलणं बंद झालंय.”

“बाबा, ती मशीनची चूक...”

“मशीनला जव्हारला घर नाही,” मास्तर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

नीता मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग मथळा उतरवला, खाली दुरुस्तीची चौकट टाकली. चौकट चौऱ्याऐंशी लोकांनी वाचली.

“आणि ठिपके?” हेमंतने विचारलं.

“ठिपके कुठे हलवणार? तहसीलवर? धरणात? कुठेही ठेवलेस तरी खोटंच. काढून टाकायचे तर ती पोरं मेलीच नाहीत असं होतं. पत्ते आण. एकेक हलवू.”

हेमंतने शहाणपणा करून त्या दिवसापुरते ते एक्केचाळीस ठिपके लपवून ठेवले. अर्ध्या तासाने बघतो तर गोल जागच्या जागी. पुन्हा लपवले, पुन्हा आले. तिसऱ्यांदा तो गोल त्याने बोट लावायच्या आधीच फुटला आणि ठिपके खुराड्याभोवती पांगले. हेमंतने लॅपटॉप बंद केला, रजेच्या अर्जात कारण लिहिलं ‘तांत्रिक’, आणि सकाळची एसटी धरली.

मोखाड्याहून खोडाळा, खोडाळ्याहून जीप, जीप थांबते तिथून पाऊण तास चाल. मे संपत आला होता. भट्ट्यांचा हंगाम सरून माणसं परतली होती. राबाच्या जमिनी रोपांसाठी भाजून काळ्या झाल्या होत्या. भर दुपारी बारा वाजता हेमंत बिवळपाड्यावर पोचला तेव्हा तेरा घरांची दारं उघडी होती आणि चौदाव्या घराकडे जाणाऱ्या वाटेवर काटेरी फांद्या टाकलेल्या होत्या.

अंगण त्याच्या चांगलंच ओळखीचं होतं. नऊ लाख लोकांच्या होतं. फक्त उखळापासून खुराड्यापर्यंत पळसाच्या पानांचे द्रोण मांडलेले होते. रांगा नीट, शाळेतल्या पंगतीसारख्या. प्रत्येकात नागलीची पेज. कोंबड्या खुराड्यावर चढून बसल्या होत्या आणि एकही खाली उतरत नव्हती.

“कोण?” सुकी ओट्यावरून म्हणाली. साठीची, सुकलेली, डोळे मात्र लख्ख.

“जव्हारच्या मास्तरांचा मुलगा. हेमंत. आजी, ते नकाशाचं... ते मी केलं.”

तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“एवढ्या पोरांना एकट्यानं घेऊन आला तू?”

“आणली नाहीत, आजी. यंत्राने चुकून ठिपके टाकले. इथे काही नाहीये. नुसते मोबाइलात आहेत.”

“मोबाइलात हायत तर पेज कोण खातंय?”

हेमंतने द्रोणांकडे पाहिलं. भरलेले होते. त्याला जरा बरं वाटलं.

“आथा वाढलीय,” सुकी म्हणाली. “जरा मान वळव.”

त्याने मान वळवली नाही. शिकलेला होता. शिकलेला माणूस टक लावून बघत राहतो. तो बघत राहिला. एवढ्यात मागे खुराड्यावरून एक कोंबडी ओरडली आणि त्याची नजर एका निमिषासाठी हलली. परत पाहिलं तेव्हा पहिल्या रांगेतले चार द्रोण रिकामे होते. पाचव्यात तळाला थोडी पेज शिल्लक होती.

“तो हळू खातो,” सुकी म्हणाली. “दात यायचे होते त्याला.”

हेमंत ओट्यावर बसला.

“तुम्हाला भीती नाही वाटत?”

“पयल्या दिशी वाटली. नागलीचं पीठ पसरलं अंगणात, म्हटलं बघू कोण हाय. सकाळी सगळीकडं एवढाली पावलं.” तिने बोटाचं एक पेर दाखवलं. “मंग कसली भीती? उपाशी मेलेली पोरं तुमी माझ्या दारात पाठवली. उपाशी ठेवू?”

“पण नागली किती लागते याला?”

“बियाण्याची काढलीय.”

पेरणीला पंधरा दिवस होते.

तेवढ्यात काट्यांच्या पलीकडून खाकरल्याचा आवाज आला. पाड्याचा कारभारी लाडक्या उभा होता. मागे दहा-बारा माणसं. काटे ओलांडून कोणी आलं नाही.

“सुके, पावनं कोण?”

“ठिपकेवाला,” सुकी म्हणाली.

हेमंत उठला. येताना जीपमध्ये त्याने भाषण पाठ केलं होतं. यंत्र, तालुक्याचा मध्य, अपुरा पत्ता, अंधश्रद्धा, कायदा, सगळं क्रमाने. लाडक्याने ते शेवटपर्यंत ऐकलं. ऐकताना मान हलवली.

“कायदा आमाला ठाऊक हाय. अंगाला कोणी हात नाय लावणार. आमी फकस्त बोलत नाय, तिच्या घराकडं पाण्याला जात नाय. आथा मला सांग, ही पोरं अठं मेली नाय?”

“नाही.”

“मंग कठं मेली?”

“दवाखान्यात. निरनिराळ्या.”

“त्यांची घरं कठं?”

“माहीत नाही.”

“मंग अठं नाय, हे तुला कसं ठाऊक?”

पत्रकारितेचं दोन वर्षांचं शिक्षण घेतलं होतं हेमंतने. त्यात हा प्रश्न नव्हता.

“अठं तीन बाया पोटुशी हायत,” लाडक्या म्हणाला, आणि त्याचा आवाज आता हुज्जतीचा राहिला नव्हता. “माझी सून त्यातली. सुकी माझ्या चुलत्याची लेक हाय. लहानपणी एका ताटात जेवलोय. पण एक्केचाळीस, पावन्या. कोणत्या घरी एक्केचाळीस असतात? पेरणीपर्यंत त्यांची घरं दाखव. नाय तर तिनं भावाकडं जावं, घर आमी मोडू.”

“भाऊ कधीच वारला माझा,” सुकी म्हणाली.

“तेच त, म्हणून घरं दाखव,” लाडक्या म्हणाला, आणि पाय ओढत गेला.

हेमंतने सुकीचा नंबर घेतला. साधा बटणांचा फोन होता, कापडात गुंडाळलेला. पाड्यावर रेंज नसताना नंबर घेऊन काय करायचं, हे दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही.

मोखाड्याच्या बाजारात त्याने सुक्या मासळीच्या ओळीशेजारी जागा धरली. उलटं घमेलं, त्यावर लॅपटॉप, हातात यादी. यादीत नावं आयांचीच होती. मेलेल्या पोराच्या आईला मोठ्याने हाक मारायची कशी, ते त्याला सुचेना. म्हणून त्याने पुठ्ठ्यावर लिहिलं, ‘पत्ता दुरुस्ती’, आणि पुठ्ठा घमेल्याला टेकवला.

दहा मिनिटांत रांग लागली. बायका आधार कार्डं, रेशन कार्डं घेऊन उभ्या. एकीने न विचारताच अंगठा पुढे केला.

“नाही, नाही, अंगठा नको. हे केवायसीचं नाहीये.”

“मग कशाचं?”

“जी मुलं...” हेमंत म्हणाला. “भट्टीवर असताना जी मुलं गेली, त्यांचा पत्ता चुकलाय. तो नीट करायचाय.”

शेजारच्या बोंबीलवाल्याने तराजू खाली ठेवला. हेमंतला वाटलं, आता सगळ्या जातील. काही गेल्याही. कार्डं परत पदरात बांधून. पण बाकीची रांग तशीच राहिली. सगळ्यात पुढे हिराबाई नावाची तिशीतली बाई होती.

“त्याचा पण पत्ता असतो?” तिने विचारलं.

“असतो.”

“मग माझ्याचं बघा. वय काय लिवलंय?”

त्याने यादीत हिराबाई शोधली. “दोन वर्षं.”

“चौदा महिने. नीट लिवा. दोन वर्षांचा झाला असता तर कशाला गेला असता?”

त्याने नीट लिहिलं. मग उपग्रहाचा फोटो मोठा करून तिच्यापुढे धरला. हिराबाईने आयुष्यात नकाशा पाहिला नव्हता आणि तिला तो लगेच वाचता आला. “ही नदी. हा उंबर. ही आमची वाट. हे घर... नाय, हे जावेचं, तिनं पत्रे घातले. हे आमचं.” तिचं बोट कौलांवर थांबलं. “अठं.”

हेमंतने ठिपका उचलला आणि तिच्या बोटाखाली सोडला. सुकीच्या गोलातला आकडा चाळीस झाला.

त्याच क्षणी त्याचा मोबाइल वाजला. एकदाच. मिस्ड कॉल. सुकीआजी.

त्याला वाटलं, बरंय, म्हातारी कुठल्यातरी टेकडीवर चढलीय. पुढच्या बाईने ठिपका जागेवर ठेवला. पुन्हा एक घंटी. तिसरीला पुन्हा. सातव्या वेळी त्याने उलटा फोन केला. पलीकडची बाई म्हणाली, आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती नेटवर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. आठव्या ठिपक्याला त्या नेटवर्क क्षेत्राच्या बाहेरून पुन्हा एक घंटी आली.

संध्याकाळपर्यंत एकोणीस पोरं घरी गेली. बायका बोट ठेवायच्या, जरा वेळ ठेवून द्यायच्या, मग काढून घ्यायच्या. कुणी रडलं नाही. एकीने काचेवरून नुसता हात फिरवला, धूळ झटकावी तसा. एकीने विचारलं, “आता हालणार नाय ना?” हेमंत म्हणाला, “नाही.” हे त्याच्या हातात आहे की नाही, याची त्याला आता खात्री नव्हती.

खोडाळ्याच्या बाजारात तेरा गेली. उरलेल्या नऊंसाठी तो पाडे तुडवत फिरला; रघ्या नावाच्या जीपवाल्याने त्याला फुकट फिरवलं, कारण तिसऱ्या दिवसापासून जीपचं वजन चढाला जास्त आणि उताराला कमी लागतंय असं त्याचं म्हणणं होतं आणि याचा छडा लागल्याशिवाय त्याला चैन पडेना. “सर, मागं कोण बसलंय का?” तो आरशात बघत विचारायचा. हेमंत म्हणायचा, “तू रस्त्याकडे बघ.” आठ घरं सापडली. चाळिसाव्या घंटीनंतर रघ्याने जीप थांबवली, खाली उतरून टायर तपासले आणि म्हणाला, “आता बरोबर झालं.”

एक राहिलं. मुलगी, अकरा महिने, आई बुधी, मोखाडा तालुका.

हेमंतने बुधी शोधल्या. सात भेटल्या. एकीला पोर नव्हतं, तिघींची जिवंत होती आणि गुरांमागे धावत होती, दोघींनी आपापले ठिपके आधीच नेले होते. सातवीने खूप वेळ यादीतली तारीख ऐकली आणि म्हणाली, “माझी नाय. माझी असती तर बरं झालं असतं, माझीचं कुठंच काय लिवलेलं नाय.” आठवी बुधी, म्हणजे त्या मुलीची आई, कुणालाच ठाऊक नव्हती. कदाचित ती परतलीच नसेल. कदाचित भट्टीवरच राहिली असेल.

आभाळ खालून काळं व्हायला लागलं होतं. दुसऱ्या दिवशी पाडा धूळपेरणीला लागणार होता. हेमंतने खोडाळ्यात नकाशा उघडून ठेवला आणि फोन तसाच हातात धरून जीपने आणि पुढे पाऊण तास चालत बिवळपाड्यावर गेला.

काट्यांच्या फांद्यांपाशी सगळा पाडा उभा होता. लाडक्या पुढे. हेमंतने फोन त्याच्या हातात दिला. लाडक्याने बोटाने नकाशा सरकवला. इथे एक, तिथे एक, पार नदीपलीकडे एक. काही घरं त्याच्या नात्यातली निघाली. ती बघताना त्याचं बोट हळू व्हायचं.

“हे माझ्या बहिणीचं घर हाय,” तो म्हणाला. “तिनं कधी सांगितलं नाय.”

“नसेल सांगितलं.”

त्याने बोट परत बिवळपाड्यावर आणलं. सुकीच्या अंगणात एक लाल ठिपका होता.

“ही कोण?”

“हिचं घर सापडलं नाही,” हेमंत म्हणाला. आता काय होणार ते त्याला दिसत होतं. एक जरी राहिला तरी लाडक्याचा प्रश्न तोच राहणार होता. इथे नाही, हे तुला कसं ठाऊक?

“ती माझी हाय,” सुकी म्हणाली.

सगळ्यांनी अंगणाकडे पाहिलं. ती उखळाशी उकिडवी बसली होती. पुढे एकच द्रोण होता.

“आजी,” हेमंत हळूच म्हणाला, “यादीत आईचं नाव बुधी आहे.”

“खिडकीतल्या माणसाला काय ठाऊक? लग्नाच्या दुसऱ्या वर्षी झालेली. अकरा महिन्यांची गेली. माझी हाय ती.”

तारीख तीन वर्षांपूर्वीची होती आणि सुकी साठीची. हे गणित तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला येत होतं. लाडक्याला तर नक्की येत होतं. सुकीच्या लग्नात तो करवला होता. त्याने ठिपक्याकडे पाहिलं, मग आपल्या पोटुशी सुनेकडे, मग सुकीकडे.

“एकच?” त्याने विचारलं.

“एकच,” सुकी म्हणाली.

लाडक्याने फोन हेमंतला परत दिला.

“एक तर सगळ्यांच्याच घरी हाय,” तो म्हणाला. वाकून त्याने पहिली फांदी उचलली आणि बाजूला टाकली. मग दुसरी. मग इतरही वाकले. एक बाई हंडा घेऊन सुकीच्या पाण्याकडे निघाली, जणू मध्ये फक्त एक दिवस गेला होता. लाडक्याच्या सुनेने ओट्यावर सूपभर नागली आणून ठेवली. बियाण्याची.

पाड्यावर नेट नव्हतं. ठिपका हलवायला नेट लागतं. न हलवायला काहीच लागत नाही. हेमंतने यादीत त्या ओळीपुढे पेनाने लिहिलं: बिवळपाडा, सुकीचं अंगण. नऊ लाख लोकांना चुकीचं दाखवताना त्याने दोन मिनिटं घेतली नव्हती. हे लिहायला घेतली, आणि अक्षर चांगलं आलं.

“आजी, तुम्ही एवढे मिस्ड कॉल दिलेत, फोन लागायचा कुठून?”

“कसला फोन?” सुकी म्हणाली. “तो त बंद पडलाय, खोडाळ्याला दुकानात हाय, दुरुस्तीला. तू गेला त्या दिशीच दिला.”

हेमंतने मान डोलावली. आता त्याचं वय मान डोलावण्याचं झालं होतं.

“निघतो. जीप थांबलीय.”

“जा. येत जा अधनंमधनं.”

तो ओट्यावरून उतरला आणि अंगणातून वाटेकडे वळला. सुकीने द्रोणावरून नजर न काढता हात उगारला, पायात घोटाळणाऱ्या पोराला दटावतात तसा.

“सर गं बाजूला. जाऊ दे त्याला.”

हेमंत पाय उचललेला तसाच थांबला. वाट मोकळी व्हायला जेवढा वेळ लागेल, तेवढा थांबला. मग गेला.